मुंबईच्या ३६ पैकी खरोखर किती जागा हलल्या? माझ्या हिशोबाने दोन

नायगावकर_नातू | रवि, २४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:५०

काल विधानसभेच्या निकालासाठी दिवसभर टीव्हीपुढे बसून डोळे चुरचुरायला लागले. त्सुनामी, सुपडा साफ, भुईसपाट. या तीन शब्दांवर सगळ्या चॅनेलवाल्यांनी बारा तास काढले. राज्याचं चित्र तसं आहेच म्हणा. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, थोरल्या पवारांकडे १०. पाच महिन्यांपूर्वी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा नेणारी आघाडी, आणि आता विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणाऱ्या २९ जागाही तिच्यातल्या एकाकडे नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर मुलाची जुनी वही घेतली आणि फक्त मुंबई उतरवली. डावीकडे २०१९, उजवीकडे २०२४.

२०१९: भाजप १६, शिवसेना १४, काँग्रेस ४, राष्ट्रवादी १, समाजवादी १.
२०२४: भाजप १५, ठाकरे सेना १०, शिंदे सेना ६, काँग्रेस ३, राष्ट्रवादी (अजित पवार) १, समाजवादी १.

आता दोन्ही सेना एका रकान्यात घाला. १४ च्या झाल्या १६. वाढलेल्या दोन कुठून आल्या? वर्सोवा भाजपकडून आणि वांद्रे पूर्व काँग्रेसकडून. दोन्ही ठिकाणी मशाल, म्हणजे ठाकरे सेना. बाकी ३४ जागी २०१९ साली जे घराणं होतं (पक्षाचं घराणं म्हणतोय, बाप-लेकाचं नव्हे) तेच आज आहे. अणुशक्तीनगरला तर दोन्ही अर्थांनी: आधी नवाब मलिक, आता सना मलिक.

मधे काय काय झालं आठवा. पहाटेचा शपथविधी, शिवाजी पार्कवरचा शपथविधी, सुरत-गुवाहाटी, धनुष्यबाण इकडे, घड्याळ तिकडे, कोर्ट, अध्यक्षांचा निकाल. एवढं रामायण होऊन मतदाराने मुंबईत दोन जागा इकडच्या तिकडे केल्या. मग हलला कोण?

आमच्या घरी हा प्रकार नवा नाही. आम्ही नायगावचे, म्हणजे आता वडाळा मतदारसंघ. १९९० पासून आमदार कालिदास कोळंबकर. आधी धनुष्यबाण, राणेंबरोबर गेले तेव्हा हाताचा पंजा, २०१९ पासून कमळ. काल नवव्यांदा निवडून आले. आमची आई मतदानाला निघताना एवढंच विचारते, "यंदा कोळंबकरांचं चित्र कुठलं?"

तर माझं म्हणणं: मुंबईत मतदार जागचा हलत नाही, त्याच्या पायाखालची पाटी बदलतात. खोडून काढा.

---

तटस्थ_टोणगा | सकाळी ८:१५

खुर्ची टाकून बसलोय. चहा कोण आणतंय?

---

आकडेमोड | सकाळी ९:०५

नातूभाऊ, वही दाखवलीत म्हणून माझीही उघडतो. तुमचा मुद्दा मुंबईपुरता बरोबर दिसतो, पण "मतदार हलत नाही" हे वाक्य जागांवरून काढता येत नाही. जागा आणि मतं यांचं आपल्या पद्धतीत सख्खं नातं नाही, फार तर चुलत.

काँग्रेसला राज्यात सुमारे १२.४ टक्के मतं. शिंदे सेनेलाही सुमारे १२.४. जागा १६ आणि ५७! शरद पवारांची राष्ट्रवादी सुमारे ११.३ टक्के, अजितदादांची ९. म्हणजे काकांची मतं जास्त. जागा काकांना १०, पुतण्याला ४१. काका ८६ जागी लढले, पुतण्या ५९ जागी, म्हणून काकांची टक्केवारी आपोआप फुगते हे मान्य. पण ८६ ठिकाणी दुसरा नंबर आला तरी विधानभवनात खुर्ची एकही मिळत नाही, एवढंच सांगायचंय.

भाजपचं बघा. २०१४ साली २६० जागा लढून २७.८ टक्के मतं आणि १२२ आमदार. यंदा १४९ लढून २६.८ टक्के आणि १३२ आमदार. टक्का एकाने घसरला, आमदार दहाने वाढले. कमी जागी उभं राहायचं, पण जिथे उभं राहायचं तिथे मित्रपक्षाची मतं आपल्या चिन्हावर पडतील याची व्यवस्था करायची. ही सगळी जागावाटपाची करामत आहे. लाट वगैरे नंतर.

त्यामुळे "कोण किती जिंकलं" याच्या आधी "कोण कोणासमोर उभं होतं" हा रकाना तुमच्या वहीत पाहिजे.

---

माहीमचा_मांदेली | सकाळी ९:४०

आकडेमोड यांना दंडवत, आणि उदाहरण आमच्याकडचं घ्या. माहीम. सेना भवन ज्या मतदारसंघात आहे तो.

२००९: मनसेचे नितीन सरदेसाई जिंकले. दुसरे आले सदा सरवणकर, आणि ते तेव्हा काँग्रेसमधून उभे होते! सेनेचे आदेश बांदेकर तिसरे. २०१४ आणि २०१९: सरवणकर, धनुष्यबाण. २०२४: सरवणकर, धनुष्यबाण, पण आता शिंदेंचा, समोर मशाल घेऊन महेश सावंत आणि मनसेचं इंजिन घेऊन अमित ठाकरे. सावंत १,३१६ मतांनी आले. अमित ठाकरेंना ३३ हजारांवर मतं, तिसरा नंबर.

आता सांगा, माहीमचा मतदार हलला का? सेनेच्याच तीन तुकड्यांनी एकमेकांची मतं खाल्ली, सर्वांत मोठा घास घेतला तो जिंकला. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरात बाप धनुष्यबाण, आई मशाल, पोरगा इंजिन. तिघं एकत्रच मतदानाला गेले, येताना एकत्र मिसळ खाल्ली.

वरळीतही तेच. आदित्य ठाकरे ८,८०१ ने आले आणि मनसेच्या संदीप देशपांडेंची मतं त्या फरकाच्या दुपटीहून जास्त. ती मतं नसती तर कुणाकडे गेली असती यावर आमच्या कट्ट्यावर दोन दिवस भांडण चालू आहे. मिलिंद देवरांकडे की आदित्यकडे? दोन्ही बाजू छातीठोक सांगतात. मी माझ्या बोंबलांवर लक्ष ठेवून असतो.

---

दहिसरची_शुभा | सकाळी १०:३०

सगळे पुरुष पक्ष मोजतायत, माणसं कुणीच मोजत नाही. :)

नातू, मतदार हलला नाही म्हणता? आम्ही सगळे हललो की! मी लालबागची. लग्नानंतर भाड्याने करी रोड, मग नवऱ्याची गिरणी बंद, त्याचे थोडेफार आले त्यात दहिसर. माझी नणंद विरारला, जाऊ बदलापूरला. आमच्या चाळीत आता मूळची किती बिऱ्हाडं उरली ते दोन हातांवर मोजता येईल.

मतदारसंघांची पुनर्रचना आठवा. २००४ पर्यंत मुंबईत ३४ जागा होत्या, १७ शहरात, १७ उपनगरात. २००९ पासून ३६ झाल्या: शहरात १०, उपनगरात २६. एका फटक्यात शहराच्या सात जागा गेल्या. ही कुणाची लाट होती? ही लोकल ट्रेनची लाट होती. जागा पक्षांनी हलवल्या नाहीत, बिल्डरने आणि भाड्याने हलवल्या. दादर-परळवरून मुंबईचं राजकारण ठरायचं, ते दिवस गेले. आता बोरिवली, दहिसर, मुलुंड, घाटकोपर बघायचं. भाजपच्या १५ मधल्या किती उपनगरातल्या आहेत ते मोजा.

---

नायगावकर_नातू | सकाळी ११:१०

शुभाताई, मोजल्या. शहरातल्या चार: कुलाबा, मलबार हिल, वडाळा, शीव-कोळीवाडा. उरलेल्या अकरा उपनगरात. मुद्दा मान्य. वहीत आणखी एक रकाना पाडला. मुलगा म्हणतोय नवीन वही घ्या.

---

जुना_परळकर | दुपारी १:२०

मी ६६ वर्षांचा. तुम्ही २०१९ पासून मोजताय, मला १९७० आठवतं. तेव्हा मी बारा वर्षांचा. परळचे कम्युनिस्ट आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा जूनमध्ये खून झाला. पोटनिवडणूक लागली. पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं, सेनेने वामनराव महाडिकांना. सेना जेमतेम चार वर्षांची. महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. फरक दोन हजारांच्याही आत होता. आमच्या गल्लीत एका बाजूला लाल बावटा, दुसऱ्या बाजूला भगवा, आणि मधल्या नळावर बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. वडील गिरणीत, लाल बावट्याचे. थोरला भाऊ सेनेच्या शाखेत. घरात ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जायची.

त्यामुळे "मतदार हलत नाही" हे मला पटत नाही. तो हलला. अख्खं गिरणगाव लालाचं भगवं झालं, पण त्याला पंधरा-वीस वर्षं लागली आणि ते सरळ रेषेत झालं नाही. १९८२ चा संप लागला तेव्हा लोक डॉक्टर दत्ता सामंतांमागे गेले. १९८४ च्या डिसेंबरात इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तरी दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेत पाठवलं. १९८५ च्या विधानसभेत सेनेचा राज्यात एकच आमदार, माझगावचे छगन भुजबळ. एकच! तेव्हाही लोक म्हणाले सेना संपली. १९९० ला ५२ आले, १९९५ ला ७३ आणि मुख्यमंत्री.

हे भुजबळ पुढे काँग्रेसमध्ये, मग राष्ट्रवादीत, आता अजितदादांबरोबर. माझगाव नावाचा मतदारसंघच उरला नाही. माणूस मात्र परवाही निवडून आला, येवल्यातून.

---

तटस्थ_टोणगा | दुपारी १:४५

परळकर काका, नळावरच्या बायकांवर वेगळा धागा काढा. तो याच्यापेक्षा जास्त चालेल.

---

बूथवरचा_मास्तर | दुपारी ३:००

मी यंदा केंद्राध्यक्ष होतो. कुठे ते सांगत नाही. १९ ला सकाळी साहित्य घ्यायला रांगेत, रात्री शाळेच्या बाकावर झोप, २० ला पहाटे पाच वाजता उठून अभिरूप मतदान (मशीनची चाचणी), संध्याकाळी रांग संपता संपता साडेसहा, आणि मशीन जमा करून घरी पोहोचलो २१ च्या पहाटे अडीचला. जमा करायच्या काउंटरवर एका लिफाफ्यावर सही राहिली म्हणून पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं. असो, ते अवांतर.

खालच्या पानावर कुणीतरी "मशीनचा खेळ" म्हणून गेलंय (संपादकांनी उडवलेलं दिसतंय), म्हणून लिहितो. मतदान संपल्यावर किती मतं पडली त्याचा नमुना १७-क मी भरतो आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची सही केलेली प्रत देतो. मोजणीच्या दिवशी तो आकडा मशीनशी जुळवून बघायचा असतो. शिवाय प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा मोजतात. शंका घ्या, हक्क आहे. पण माझ्या केंद्रावर सहा प्रतिनिधी बसले होते, त्यातले दोन जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या प्रती माझ्याच हातात राहिल्या. ज्या पक्षाला कागद घ्यायला माणूस मिळत नाही त्याने आधी माणूस शोधावा.

नातू यांच्या प्रश्नावर: रांगेत मला यंदा जाणवलं ते बायका. दुपारी बारा ते तीन, एरवी सामसूम असते, यंदा बायकांचीच रांग.

---

दहिसरची_शुभा | दुपारी ३:२५

मास्तर, लाडकी बहीण. दुसरं काय. महिन्याला १,५०० जुलैपासून, आणि निवडून आलो तर २,१०० करू म्हणाले. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना मी विचारलं, कुणाला दिलंत? म्हणाल्या, "ज्यांनी माझ्या नावावर टाकले त्यांना. नवऱ्याच्या नावावर टाकले असते तर मला दिसले असते का?" यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रेवडी, फुकटेपणा असं बरंच व्याख्यान झालं. देणारे सगळे टॅक्स वाचवण्यासाठी बायकोच्या नावावर एफडी करणारे.

---

भायखळा_ब्रिज | संध्या. ५:१०

नातूशेठ, तुमच्या वहीत एक गफलत आहे. दोन्ही सेना एका रकान्यात घालणं म्हणजे दोन वेगळ्या डब्यांवर एकच लेबल लावणं. आतलं धान्य बघा की!

वर्सोव्यात मशालीवर हारून खान निवडून आले. फरक १,६०० मतं. पंधरा वर्षांपूर्वी सेनेच्या तिकिटावर वर्सोव्यातून हे नाव तुम्ही कल्पनेत तरी आणलं असतंत का? आणि मुसलमान वस्तीने भरभरून मत दिलं असतं का? आमच्या भायखळ्यात २००९ ला काँग्रेस, २०१४ ला एमआयएम, २०१९ ला शिवसेना, आणि आता मशाल. चार निवडणुका, चार चिन्हं. २०१९ ला इथे सेनेच्या यामिनी जाधव जिंकल्या. यंदा त्या शिंदेंकडून उभ्या होत्या आणि पडल्या. तुमच्या वहीत मात्र "सेना ते सेना, बदल नाही". अहो, २०१९ ला सेनेला पाडायला गेलेल्या मोहल्ल्यांनी यंदा मशाल पेटवली, आणि भाजपचा मतदार धनुष्यबाणामागे उभा राहिला. जागा तिथेच, माणसं अदलाबदल.

अंधेरी पूर्वही तसंच. २०१९ ला सेनेचे रमेश लटके जिंकले, तेव्हा मुरजी पटेल त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे होते. लटके गेल्यावर २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपने पटेलांचा अर्ज मागे घेतला, ऋतुजा लटके आल्या आणि दुसऱ्या नंबरला चक्क नोटा. आता तेच पटेल शिंदेंच्या धनुष्यबाणावर आमदार. तुमच्या रकान्यात ही जागाही "हलली नाही"!

---

नायगावकर_नातू | संध्या. ६:४५

भायखळा_ब्रिज, हे लागलं. खरं सांगायचं तर अंधेरी पूर्वेला रात्री मी थोडा अडखळलो होतो आणि पेन पुढे नेलं होतं.

म्हणजे मी जे शीर्षकात लिहिलं ते उलटं वाचायला हवं. दोनच जागा हलल्या हे बरोबर, पण त्या न हललेल्या चौतीसांच्या पोटात बरंच हललंय. जोगेश्वरी पूर्व बघतोय आत्ता. रवींद्र वायकर लोकसभेला शिंदेंकडून ४८ मतांनी आले. पाच महिन्यांनी त्यांच्या पत्नी मनीषा वायकर त्यांच्याच जुन्या मतदारसंघात १,५४१ मतांनी पडल्या, मशालीचे अनंत नर आले. माझ्या रकान्यात हीसुद्धा "बदल नाही".

एक मात्र अजून सोडत नाही. २०१४ ला युती तुटली, भाजप-सेना वेगळे लढले: १५ आणि १४. २०१९ ला युती करून लढले: १६ आणि १४. वेगळे मिळून २९, एकत्र ३०. याचा अर्थ कुणी समजावेल का? आणि काँग्रेसचं २००९ ला १७ होतं, मग ५, ४, ३. तिचा मतदार तरी हलला म्हणाल की नाही?

---

आकडेमोड | रात्री ८:२०

काँग्रेसचे ते १७ हे पूर्ण काँग्रेसचे नव्हतेच, त्यात मनसेचा मोठा हात होता. २००९ ला मनसेने मुंबईत स्वतः ६ जिंकल्या आणि आणखी बऱ्याच ठिकाणी सेना-भाजपची मतं कापली. सेनेला ४, भाजपला ५. पुढच्या वेळी मनसे मुंबईत शून्यावर आली, ती मतं परत गेली आणि काँग्रेसचा फुगवटा उतरला. यंदा तर मनसे राज्यातच शून्य.

२९ आणि ३० बद्दल: २०१४ ला समोरचेही वेगळेच लढले होते, दोन्हीकडची युती-आघाडी एकाच दिवशी, २५ सप्टेंबरला तुटली. चौघं वेगळे झाले की जो ज्या वस्तीत आधीच जाड आहे तो तिथे जिंकतो. नंतरच्या युतीने तेच वाटप कागदावर आणलं.

---

बूथवरचा_मास्तर | रात्री ९:००

शुभाताई, तुम्ही दहिसरला राहता आणि सगळी माया लालबागची. नाव कुठल्या यादीत आहे?

---

दहिसरची_शुभा | रात्री ९:१५

माझं दहिसरला आणलं २०१४ ला. सासूबाईंचं अजून तिकडेच, शिवडी मतदारसंघात. बुधवारी सकाळी ७:१२ ची लोकल पकडून दोघी गेलो होतो, दादरला उतरून टॅक्सी.

---

बूथवरचा_मास्तर | रात्री ९:२०

बरोबर नाही हे. राहता तिथेच नाव हवं. फॉर्म ८ भरा, ऑनलाइन होतो, आधार आणि लाइट बिल लागेल. पुढे पालिकेची निवडणूक आहे, त्याच यादीवरून प्रभागाची यादी निघते.

---

दहिसरची_शुभा | रात्री ९:५०

विचारलं आत्ता. म्हणतात, "भर बाई तुझा फॉर्म, पण पालिकेचं झाल्यावर. मत द्यायच्या निमित्ताने तरी वर्षा-दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरची सुमन भेटते. दहिसरला मला कोण ओळखतं?"